कळसूबाईला लावलेलं कुलूप

तो मंगळवार अगदी साधा होता. शाळा सुटून मिनल दुपारी घरी आली, जेवली, आणि नवे बूट पायात चढवून स्वयंपाकघरात मेथी निवडायला उभी राहिली. बूट घरात वापरायचे ही तिच्या नवऱ्याची, धम्मरत्नची सूचना. डोंगरावर नेण्याआधी बूट पायाच्या ओळखीचे व्हायला हवेत, नाहीतर पहिल्याच चढाला टाचा सोलून निघतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून गेले काही दिवस ती भांडी घासताना, वह्या तपासताना, कपडे वाळत घालताना ते जाड तळव्यांचे बूट घालून घरभर फिरत होती, आणि तिच्या सासूबाई, जाईबाई, दिवाणावर बसून तिची गंमत बघत होत्या.

"पोलीस भरतीला चाललीय जणू माझी सून," त्या म्हणाल्या. "त्या कळसूबाईला निरोप धाडा म्हणावं, मोशीवरनं एक बाई येतीय बुटं घालून."

"तुम्हीपण चला, आई. महाराष्ट्रात त्याच्याहून उंच काही नाही."

"मला कासारवाडीच्या स्टेशनचा जिना चढवा आधी. मग बघू."

मोशीतल्या त्या नव्या इमारतीत त्यांचं घर आठव्या मजल्यावर होतं. चाकणहून पहिली पाळी सुटली की चारच्या सुमारास कंपनीची बस खाली गेटापाशी येई. ब्रेक करकरत, दार फुस्स करून उघडे, धम्मरत्न आणि त्याचा मित्र जयदीप उतरत आणि बस पुढे निघून जाई. आठव्या मजल्यावर हे सगळं नीट ऐकू येत असे. ब्रेकचा आवाज आला की मिनल चहाचं आधण ठेवी, आणि पाणी उकळायच्या आत दाराची बेल वाजे.

त्या दिवशीही ब्रेक ऐकू आला. तिने आधण ठेवलं. दार उघडल्याचा आवाज आला. मग बस निघाल्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. उलट इंजिन बंद झालं. आजवर त्या गेटापाशी बसचं इंजिन कधी बंद झालं नव्हतं. खाली एकाएकी अशी शांतता पसरली, की शेजारच्या बांधकामावरचे पारवेसुद्धा ऐकू येऊ लागले.

मग फोन वाजला. जयदीप होता.

"वहिनी... खाली या जरा."

"काय झालं?"

"या तुम्ही. आईंना नका आणू."

ती बुटांसकट खाली गेली. बसमधली सगळी माणसं उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात डब्यांच्या पिशव्या, आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. त्यांनी तिला वाट करून दिली. आत, खिडकीजवळच्या त्याच्या नेहमीच्या जागेवर, धम्मरत्न काचेला डोकं टेकून बसला होता.

पहिल्या पाळीची माणसं येताना बसमध्ये झोपतात. पहाटे उठलेली असतात, गाडी चाकणच्या चौकात अडकली की माना पडतात. ज्याचा स्टॉप येईल त्याला बरोबरच्याने हाक मारून उठवायचं, ही तिथली रीतच. धम्मरत्नला रोज जयदीप उठवी. त्या दिवशीही त्याने दोनदा हाक मारली, "धम्मा, मोशी आली. धम्मा, ऊठ." मग त्याने खांद्याला हात लावला.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हृदय बंद पडलं होतं, झोपेतच, बहुधा चाकणमधून निघता निघताच. त्याला काही कळलं नसेल. तास होऊन गेला असावा.

मिनलने ते ऐकून घेतलं. एक गोष्ट तिने डॉक्टरांना सांगितली नाही, कुणालाच सांगितली नाही. ती बसमध्ये शिरली तेव्हा त्याच्या तोंडासमोर, खिडकीच्या काचेवर, तळहाताएवढी वाफ धरलेली होती. बाहेर ऊन होतं. ती बघत असताना ती वाफ कडेकडेने विरत गेली आणि काच स्वच्छ झाली.

*

कळसूबाईचा बेत त्याआधी महिनाभर ठरला होता, एका गुरुवारी दुपारी. या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. सगळं जग रविवारी डोंगर चढतं, तिथे शिडीला रांग लागते, भज्यांच्या गाड्या लागतात. आपण मात्र गुरुवारी जातो आणि अख्खा डोंगर आपल्याला रिकामा मिळतो, याचा धम्मरत्नला फार अभिमान.

त्याला तिथली देवी बघायची नव्हती. त्याला उंची हवी होती. त्याचे वडील आयुष्यभर पिंपरीच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि कासारवाडीच्या रुळांकडेच्या खोलीत वारले. "बाबांनी कधी काही वरून बघितलं नाही," तो म्हणायचा. "जे बघितलं ते समोरून नाहीतर खालून." आजवर तो जयदीपबरोबर कितीतरी किल्ले चढला होता. कळसूबाई मात्र त्याने मिनलसाठी राखून ठेवली होती. मुलगी शिकायला बाहेर गेली, आता आपण दोघं जाऊ, असं त्याने किती वर्षं ठरवलं होतं.

त्या दुपारी जयदीप आला, आणि धम्मरत्नने स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीवरून ती लोखंडी पकड काढली.

दोघेही कंपनीत मेंटेनन्सला होते. मशीन दुरुस्त करायला माणूस आत शिरतो, तेव्हा बाहेरून कुणी ते चालू करू नये म्हणून मेन स्विचला तो आपलं स्वतःचं कुलूप लावतो. लाल कुलूप, त्याला त्याच्या नावाचा, फोटोचा बिल्ला, किल्ली त्याच्याच खिशात. आत जाणारे दोघंतिघं असले तर स्विचला आधी एक भोकांची पकड अडकवतात. तिला ते हास्प म्हणतात. तिच्या भोकांत प्रत्येकजण आपापलं कुलूप लावतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पकड उघडत नाही आणि मशीन सुरू होत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. हा नियम साहेबसुद्धा मोडत नाही.

धम्मरत्नने हीच रीत डोंगरावर नेली होती. कंपनीने भंगारात काढलेला एक जुना हास्प त्याने मागून आणला होता. बेत ठरला की जो येणार त्याने त्यात कुलूप लावायचं. कुलूप लावलं की मग तब्येत, पाहुणे, लग्न, काही सांगायचं नाही. जायच्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी तो हास्प दोरीने जयदीपच्या जीपच्या स्टेअरिंगला लटकवायचा. जो खाली येईल त्याने आपलं कुलूप काढायचं. हास्प रिकामा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

"म्हणजे कुणी वर राहिलं का, हे मोजायला नको," धम्मरत्न मिनलला म्हणाला, आणि त्याने तिच्यापुढे एक नवं कोरं कुलूप ठेवलं. बिल्ल्यावर तिचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो होता.

"हा फोटो का लावलात? मी यात चोरासारखी दिसते."

"चोरालाच कुलूप लागतं, वहिनी," जयदीप म्हणाला. "लावा आता. आमची मंडळी म्हणती, मला लग्नात मंगळसूत्र घातलं तेवढं बास, तुमचं कुलूप नको."

तिने कुलूप लावलं. खट्ट आवाज आला. आणि मग, मास्तरीण असल्यामुळे असेल, तिने विचारलं, "एखादा आपलं कुलूप विसरून घरी गेला तर?"

"आधी त्याला फोन करायचा," धम्मरत्न म्हणाला. "लागला नाही, तर मशीनभोवती फिरत त्याच्या नावाने तीन हाका मारायच्या. दुसरी मारल्यावर थांबायचं. कान द्यायचा. मग तिसरी. तिसरीलाही ओ आली नाही की दोघांसमोर कुलूप तोडायचं."

"आणि ओ आली तर?"

"तर तोडायचं नाही," तो सहज म्हणाला. "माणूस आत आहे."

*

कंपनीने त्याच्या वस्तू नीट पिशवीत घालून परत दिल्या. गणवेश, डबा, लवंगांची लहानशी डबी, चष्मा, किल्ल्यांचं कडं. कड्यात घराची किल्ली होती, स्कूटरची होती, कंपनीतल्या लॉकरची होती. त्या लाल कुलपाची बारकी किल्ली नव्हती. जयदीपने बस झाडून घेतली, लॉकर शोधला. किल्ली मिळाली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भन्तेजी बोलले. माणसं आली, गेली. मुलगी राहिली आणि परीक्षेसाठी परत गेली. घरात दोघी उरल्या, आणि खुंटीला तो हास्प: मिनलचं कुलूप, जयदीपचं कुलूप आणि मध्ये धम्मरत्नचं.

"ते काढ तिथनं," एके दिवशी जाईबाई म्हणाल्या. "दुपारच्याला वाजतंय."

"वाजतंय म्हणजे?"

"भिंतीला लागतंय. चारच्या टायमाला. गाडी आली की."

मिनलला वाटलं, वाऱ्याने हलत असेल. पण तिथे वारा पोचत नव्हता. तिने हात लावून पाहिलं. तिचं कुलूप, जयदीपचं कुलूप, दोन्ही घराइतकीच ऊबदार होती. मधलं गार होतं, माठाच्या पोटासारखं.

तरीही तिने बेत मोडला नाही. मोडायचा विचारही तिच्या मनात आला नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटे. सकाळी शाळेआधी ती बूट घालून इमारतीचा जिना चढू लागली. हेही त्यानेच सांगितलं होतं. लिफ्ट असल्यामुळे जिन्याकडे कुणी फिरकत नसे. भिंतींतल्या बारक्या जाळ्यांतून नदीवरचं धुकं आत येई, दिव्याभोवती कापसासारखं जमे, आणि वरचा मजला दिसेनासा होई. त्या धुक्यातून चढताना आपण जाग्या आहोत की अंथरुणातच आहोत, हे तिला नीट कळत नसे.

किती दिवसांनी ते तिच्या लक्षात आलं, कोण जाणे. तिच्या बुटांचा आवाज वर जाऊन परत येतो, असं तिला आधी वाटत होतं. पण ती थांबली की तो आवाज लगेच थांबत नसे. एक पायरी जास्त चढून थांबे. जड, लोखंडी टोकाच्या बुटांचा आवाज, कारखान्यात घालतात तसल्या. नेहमी एक वळण पुढे. ती दमून कठड्याला टेकली की वरही शांत होई, जणू कुणी तिच्यासाठी थांबलंय आणि घाई करत नाही. धुक्यातून मशीनच्या तेलाचा, कुलंटचा, धम्मरत्नच्या गणवेशाला यायचा तो कडवट वास येई, आणि त्यात थोडी लवंग.

तिला भीती वाटत नसे. सांगायला हवं तर, दिवसातला तेवढाच वेळ तिला भीती वाटत नसे. गच्चीचं दार कायम बंद असे. तिथवर पोचल्यावर पुढे कुणी नसे, आणि तिला खाली उतरावंसं वाटत नसे.

एकदा ती घरात आली तेव्हा जाईबाई दारातच उभ्या होत्या.

"जिन्यात कुणाशी बोलत व्हतीस?"

"मी? कुणाशी नाही."

"बोलत व्हतीस. 'थांबा की हो' म्हणत व्हतीस."

मिनलने बूट काढले. जाईबाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता.

"ऐक. मी त्याची आई हाय. मला काय त्याला घरातनं घालवायची हौस न्हाई. पण भन्तेजी काय म्हणाले? गेलेल्याला अडकवून ठेवू नगा. आन् तू पोराचं कुलूप दारात लावून ठेवलंयस. जा तू डोंगराला. त्याच्या मनात व्हतं, जा. पण येताना ते तोडून ये. मला शब्द दे."

"देते."

"माझ्याकडं बघून दे."

मिनलने त्यांच्याकडे बघून शब्द दिला.

*

दिवाळीनंतरच्या गुरुवारी उजाडायच्या आधीच जयदीप जीप घेऊन आला. त्यानेही आधी नको नको म्हणून पाहिलं होतं. "औंदा राहू द्या, वहिनी. पुढच्या सालाला जाऊ." तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, माझं कुलूप लागलेलं आहे." जयदीपच्याच घराण्याच्या वांग्याच्या रानावर ही इमारत उभी होती, लहानपणी तो इथे पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसे. हट्टाला आणि इमारतीला अडवता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

जीपमध्ये मागच्या सीटवर त्याने पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, एका बाजूला. खिडकीजवळची जागा मोकळी होती. सीटखाली कापडात गुंडाळलेला कुलूप तोडायचा लांब दांड्यांचा कटर होता.

चाकण मागे पडलं, आळेफाटा गेला. कोतूळ गेलं. राजूरला चहा घेतला. बारी गावात पोचले तेव्हा समोर डोंगर असायला हवा होता, तिथे नुसतं पांढरं होतं. गावातल्या एका घरापुढे जयदीपने गाडी लावली. मिनलने पिशवीतून हास्प काढला.

जयदीपने तो हातात घेतला.

"वहिनी, हा घरी ठेवायचा व्हता. आपली दोन कुलपं वेगळी आणायची."

"का?"

"का म्हणजे... पायथ्याला गाडीला लागलं, की तो वर गेला असं व्हतंय. आपलाच नियम हाय."

तिलाही तो नियम माहीत होता. वाटेत कुठेतरी, आळेफाट्याच्या आसपास, तिच्या मनात तो येऊनही गेला होता.

"लावा," ती म्हणाली. "त्यांना वर जायचं होतं."

जयदीपने काही वेळ डोंगर असायला हवा होता तिकडे पाहिलं. मग हास्प दोरीने स्टेअरिंगला बांधला. गाठ ओढून पाहिली.

चढ सुरू झाला. शेतं गेली, छोटं देऊळ गेलं, कारवीची वाळकी झुडपं लागली. दव इतकं होतं की चालताना कोपरापर्यंत बाही भिजली. गुरुवार असल्यामुळे वाटेत कुणीही नव्हतं. ताकवाल्यांच्या झोपड्या रिकाम्या होत्या. जयदीप मागे आणि मिनल पुढे, कारण नवख्याला पुढे ठेवायचं असतं. धुकं असं होतं की दोन पावलांपुढचा दगड आधी सावलीसारखा दिसे आणि मग हळूहळू दगड होई. आवाज सगळे जवळ आल्यासारखे. तिचा श्वास, जयदीपचा खोकला, आणि एक वळण पुढे, सावकाश, ती पावलं.

तिने मागे वळून जयदीपकडे पाहिलं. तो मान खाली घालून चालत होता.

पहिल्या लोखंडी शिडीपाशी ती थांबली. शिडी कड्याला ठोकलेली होती, वरचं टोक धुक्यात गेलेलं. जयदीप म्हणाला, "दोन्ही हातांनी धरा. खाली बघायचं न्हाई." तिने दांडा धरला.

दांडा थरथरत होता. वर कुणी चढत असलं की लोखंडी शिडी हाताला जशी थरथरते, तसाच. पायरी, थांबा. पायरी, थांबा. अगदी ओळखीची लय. मग थरथर थांबली. वर पोचलेला माणूस खालच्यासाठी थांबतो, तशी.

"चढा," जयदीप हळूच म्हणाला.

"भाऊजी, इथे हात ठेवा."

त्याने हात ठेवला. ठेवलेला हात त्याने लगेच काढला नाही. मग डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली.

त्यानंतरचा सगळा चढ मिनलला नीट आठवत नाही. आठवतो तो एखाद्या दुपारच्या झोपेसारखा, जिच्यात आपण चालत असतो आणि पाय दुखत नाहीत. विहिरीजवळ ते पाणी प्यायले. तिथे कुलंटचा वास होता, आणि लवंगेचा. शेवटची शिडी चढून ती माथ्यावर पाय ठेवते न ठेवते, तोच धुकं एका बाजूने फाटलं. खाली धरणाचं पाणी, त्यापलीकडे डोंगरांमागे डोंगर, आणि सगळ्यांवर ऊन. माथ्यावर छोट्याशा देवळाखेरीज काहीच नव्हतं. कुणीही नव्हतं.

ती कड्याजवळ बराच वेळ उभी राहिली. तिच्या डाव्या हाताला एका माणसाइतकी जागा होती. फक्त तिथलं गवत हलत नव्हतं. बाकी सगळं वाऱ्याने लोळत होतं.

"बघितलंत ना?" तिने विचारलं. तिने ते जयदीपला विचारलं नव्हतं. जयदीप देवळाच्या पायरीवर पाठ करून बसला होता.

*

उतरताना पावलं ऐकू आली नाहीत. पुढेही नाही आणि मागेही नाही. शिड्या गार आणि स्थिर होत्या. मिनल सारखी मागे वळून बघत होती.

पायथ्याला ते दुपारी पोचले. ऊन कडक होतं. स्टेअरिंगला हास्प लटकत होता. जयदीपने आपलं कुलूप काढलं. मिनलने आपलं काढलं. मधलं राहिलं.

दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिले. घरात असताना ते विसरून राहिलेलं कुलूप होतं. आता तसं म्हणता येत नव्हतं.

"आईंना शब्द दिलाय," मिनल म्हणाली.

"व्हय. मला पण सांगितलंय त्यांनी." जयदीपने सीटखालून कटर काढला, कापड सोडलं. "पण रीत करायला पायजे, वहिनी. न्हाईतर माझा हात चालायचा न्हाई."

"करा."

तो जीपच्या पुढे जाऊन डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. धुकं पार गेलं होतं. शिड्या इथून सुईच्या रेघांसारख्या चमकत होत्या. त्याने घसा साफ केला.

"धम्मा..."

हाक शेतांवरून गेली, कड्याला लागली, परत आली. कुठेतरी एक कोंबडा ओरडला. मग काही नाही.

"धम्मा, ऊठ..."

हे शब्द त्याच्या तोंडून कसे गेले, ते त्यालाही कळलं नसावं. तो डोंगराला घालायचा हाकारा नव्हता. रोज चारच्या सुमारास बसमध्ये मारायची ती हाक होती. जयदीपने तोंडावर हात धरला आणि तसाच उभा राहिला, कान देऊन.

रीतीप्रमाणे मिनलनेही कान दिला. डोंगर गप्प होता. तिने तिकडून नजर काढली, आणि ती जीपच्या मागच्या खिडकीवर पडली.

काच बंद होती. बाहेरून उन्हाने तापलेली. आतल्या बाजूने, मोकळ्या जागेसमोर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तितक्या उंचीवर, तळहाताएवढी वाफ धरलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत ती थोडी लहान झाली. मग पुन्हा पसरली. पुन्हा लहान झाली. पुन्हा पसरली. झोपलेल्या माणसाला असते तेवढी सावकाश.

जयदीपने तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला.

"भाऊजी," मिनल म्हणाली. "थांबा."

"शेवटची हाय, वहिनी."

"माहीत आहे मला. नका मारू."

तो वळला. तिची नजर कुठे आहे ते त्याने पाहिलं आणि तो खिडकीकडे गेला. मध्ये थोडं अंतर ठेवून, वाकून, तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने कटर पुन्हा कापडात गुंडाळला. गाठ मारायला त्याला वेळ लागला.

"ओ न्हाई आली तर तोडावं लागंल," तो हळू आवाजात म्हणाला, "आन् आली तर..."

हास्प रिकामा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. वाटेत दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही. मोशीत गेटापाशी गाडी उभी करून जयदीप उतरला, मागचं दार उघडलं, आणि कुणी उतरायला वेळ लागेल तितका वेळ ते उघडं धरून उभा राहिला.

वर जाईबाई जाग्या होत्या. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं.

"तोडलं न्हाईस."

"नाही, आई."

त्यांनी ते कुलूप हातात घेतलं, आणि पदराने पुसलं. पुन्हा पुसलं. पदर ओला झाला. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि हास्प त्याच खुंटीला अडकवून ठेवला.

आता मे महिना आहे. मोशीत दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही. चारच्या सुमारास खाली ब्रेकचा आवाज येतो, जयदीप एकटाच उतरतो आणि बस पुढे जाते. त्याच वेळी खुंटीवर काहीतरी भिंतीला हलकेच लागतं. जाईबाई आता त्याबद्दल बोलत नाहीत. मिनल आधण ठेवते. मग ओल्या फडक्यासारखं गार झालेलं ते कुलूप ती कोरडं करते, आणि सकाळपर्यंत त्याच्यावर पुन्हा दव जमतं.

कटर जयदीपच्या जीपमध्येच आहे. गुरुवारी तो कधी कधी वर येतो, चहा घेतो, जाताना दारात थांबतो आणि विचारतो, "मारू का, वहिनी?"

तिसरी हाक अजून मारलेली नाही.